डबल आयपीए चाखायची कशी, जोखायची कशी

आपल्याकडच्या दुकानात ‘स्ट्राँग’ बिअर मागितली की जी बाटली हातात येते, तिची ताकद बरीचशी साखरेतून आलेली असते. जवाच्या माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेल्या धान्याबरोबर) तांदूळ, मका किंवा साखरेचा पाक घालायचा, यीस्टला भरपूर खाद्य द्यायचं, अल्कोहोल सात-आठ टक्क्यांवर न्यायचं आणि बिअरला कडूपण आणि सुगंध देणारे हॉप्स नावापुरते घालायचे, अशी ती पद्धत. ही बाटली बर्फगार करून पितात, कारण जरा कोमट झाली की स्पिरिटचा वास आणि चिकट गोडी वर येते. डबल आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची जोरदार ‘इंडिया पेल एल’, हिच्यामध्येही अल्कोहोल साधारण तितकंच किंवा थोडं जास्त, 7.5 ते 10 टक्के असतं. तरी चांगल्या डबल आयपीएचा घोट घेताना ते सहज लक्षात येत नाही. हॉप्सचा सुगंध, नेमकं कडूपण आणि कोरडा शेवट यांच्या आड ते दडलेलं असतं. ही बिअर एवढी ताकद कशी पेलते आणि पेलताना कुठे लटपटते, हे शोधणं म्हणजेच तिला जोखणं.

नावातला ‘इंडिया’ आला तो इंग्लंडहून पिंपांत भरून जहाजाने मुंबई-कोलकात्याकडे येणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या पेल एल या फिकट बिअरमुळे. ‘डबल’ मात्र पूर्णपणे कॅलिफोर्नियाचं. टेमेक्युला गावातल्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी 1994 साली केलेली बिअर या प्रकारातली पहिली मानली जाते. यंत्रसामग्री जुनी, तिच्यामुळे चवीत काही दोष आलाच तर तो झाकला जावा म्हणून त्यांनी आपल्या आयपीएच्या कृतीत हॉप्स दुप्पट केले; माल्ट मात्र फक्त तीसेक टक्क्यांनी वाढवला. हे प्रमाण लक्षात ठेवा. दोन्ही गोष्टी दुप्पट केल्या असत्या तर जड, गोड, सरबतासारखी बिअर झाली असती. माल्ट मागे ठेवून हॉप्स पुढे काढले, म्हणून हा वेगळा प्रकार उभा राहिला. सिलुर्झो यांनीच पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत केलेली 8 टक्क्यांची ‘प्लिनी द एल्डर’ आजही या प्रकाराचा मापदंड समजली जाते.

हॉप्स नेमकं काय करतात

हॉप्स ही एका वेलीची फुलं. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते आणि सगळा खजिना त्या पुडीत असतो: एक म्हणजे अल्फा आम्लं आणि दुसरी सुगंधी तेलं. या दोघांचा स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध. अल्फा आम्लं तशीच घातली तर फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि तेव्हा कुठे कडूपण उतरतं. तेलं मात्र उकळीच्या वाफेबरोबर उडून जातात. म्हणून हॉप्स एकदाच घालून भागत नाही. उकळीच्या सुरुवातीला घातलेले कडूपण देतात, आच बंद केल्यावर 80 अंशांच्या आसपास घातलेले चव देतात, आणि आंबवणं संपत आल्यावर थंड बिअरमध्ये घातलेले सुगंध देतात. या शेवटच्या पायरीला ड्राय हॉपिंग म्हणतात.

हिशोब करून बघू. 20 लिटर बिअरमध्ये 13 टक्के अल्फा आम्ल असलेले सिमको जातीसारखे 40 ग्रॅम हॉप्स तासभर उकळले. त्यात अल्फा आम्ल 5.2 ग्रॅम. माल्टच्या इतक्या दाट काढ्यात त्यातलं जेमतेम पाचवा हिस्सा कामी येतं, म्हणजे साधारण 1 ग्रॅम. 1000 मिलिग्रॅमला 20 लिटरने भागलं की लिटरमागे 50 मिलिग्रॅम. यालाच ढोबळमानाने 50 आयबीयू म्हणतात; आयबीयू हे कडूपण मोजायचं एकक. पुढच्या पायऱ्यांचे हॉप्स धरून डबल आयपीए 60 ते 100 आयबीयूच्या टप्प्यात जाते. मात्र डब्यावरचा हा आकडा चव सांगत नाही. त्याच 85 आयबीयूची बिअर तळाशी साखर जास्त उरली तर गोड लागेल आणि कमी उरली तर जिभेला खरवडेल. त्यामुळे आकडा वाचा, पण जिभेला तो आधी सांगून ठेवू नका.

डबा उघडण्यापूर्वी

पहिलं परीक्षण डब्याच्या बुडाचं. भरल्याची तारीख शोधा. फक्त ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असं छापलं असेल तर हॉप्सच्या बिअरसाठी ती माहिती अपुरी आहे. फ्रिजमध्ये राहिलेली डबल आयपीए तीन महिन्यांच्या आत प्यायलेली बरी. उष्णता तिला किती लवकर म्हातारी करते, यासाठी बिअर व्यवसायात एक सोपं सूत्र वापरतात: 3-30-300. म्हणजे 32 अंशांत 3 दिवस, 22 अंशांत 30 दिवस आणि 3 अंशांत 300 दिवस, यांत बिअरचं होणारं नुकसान साधारण सारखंच. मे महिन्यात विदर्भातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या दुकानाच्या फळीवर चार दिवस राहिलेला डबा आतून केवढा वयस्क झाला असेल, याचा अंदाज यावरून बांधा. फळीवरचा घेण्यापेक्षा दुकानदाराच्या फ्रिजमधला मागा.

डबा फ्रिजमध्ये रात्रभर उभा ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. प्यायच्या आधी 15 मिनिटं बाहेर काढा. 7-8 अंशांना सुरुवात करायची आणि ग्लासातच ती हळूहळू 13 अंशांपर्यंत येऊ द्यायची. 3-4 अंशांच्या बिअरमध्ये सुगंधी तेलं उडतच नाहीत आणि थंडाव्याने जीभही बधिर होते. गुण दिसत नाहीत, दोषही झाकले जातात.

ग्लास पोटाशी फुगीर आणि तोंडाशी आवळलेला असावा. ट्यूलिप उत्तम, ब्रँडीचा छोटा ग्लासही चालतो. स्वच्छतेबाबत अजिबात सवलत नको. तेलाचा अंश फेस मारतो, साबणाचा अंश चव मारतो. ग्लास आतून ओला करून पालथा करा: पाणी एकसंध पडद्यासारखं सरकलं तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब तुटलं तर तेलकट. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच समजा. चाखण्याआधी तासभर कॉफी, तंबाखू, मिसळ नको. खोलीत उदबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी नको, अंगावर अत्तर नको. जवळ साधं पाणी, बिनमिठाचा पाव आणि कागद-पेन.

ग्लास 45 अंशांत तिरका धरून ओतायला सुरुवात करा, अर्ध्यावर आला की सरळ करा आणि वर दोन बोटं फेस येऊ द्या. परीक्षणाला एका वेळी 100 मिलिलिटर पुरतात. इथे अल्कोहोलचाही हिशोब डोक्यात ठेवा: 330 मिलिलिटर गुणिले 8 टक्के म्हणजे 26 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, 5 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरहूनही थोडं जास्त. चार नमुने 100-100 मिलिलिटर चाखले तर त्याहून अधिक. त्या रात्री गाडीला हात लावायचा नाही.

आधी नाक

ओतल्याबरोबर, फेस स्थिरावायच्या आत, पहिला वास घ्या. काही वास पहिल्या अर्ध्या मिनिटातच उडून जातात: गंधकाचा, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. ग्लास नाकाखालून एकदा झरकन फिरवा, मग दोन-तीन आखूड हुंगे, मग तळव्याने तोंड झाकून ग्लास हलका घुसळा आणि एक दीर्घ श्वास. दर वेळी काय आलं ते लगेच लिहा, चव घ्यायच्या आधी. एकदा जीभ बोलायला लागली की नाकाची साक्ष बिघडते. नाक पटकन थकतं. थकलं की आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, त्याने ते पुन्हा ताळ्यावर येतं.

शोधायचं काय? इंग्रजी वर्णनांत ग्रेपफ्रूट आणि पाइन यांचा भडिमार असतो. ज्यांनी ग्रेपफ्रूट कधी सोललेलं नाही, त्यांनी पपनस आठवावं. सालीला नख लावल्यावर उडणारा तो कडवट, तजेलदार फवारा. कॅस्केड आणि सेंटेनिअल हॉप्सचा वास त्याच्या अगदी जवळचा. पाइनसाठी राळ आणि ओलं देवदाराचं लाकूड आठवा. सिमको आणि कोलंबस तिकडे झुकतात. सिट्रात पिकलेला आंबा, लिची, लिंबाची साल. मोझॅइकमध्ये पेरू आणि जांभळट रंगाच्या बेरींचा भास. नुसतं ‘फळाचा वास’ लिहून थांबू नका. फळ कच्चं की पिकलेलं, साल की गर, ताजं की मुरंब्यातलं, हे लिहा. मुरंब्याकडे झुकलेला वास हे बऱ्याचदा वयाचं लक्षण असतं.

हॉप्सच्या मागे माल्ट हवा, पण दबक्या पावलांनी: पावाचा गाभा, बिस्किट, फार तर पुसट मध. कॅरॅमलचा ठळक वास आला तर कृतीत क्रिस्टल माल्ट जास्त झाला असं समजा. अनुभवी ब्रुअर तो एकूण धान्याच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवतात, कारण त्याची गोडी हॉप्सचं तेज बोथट करते. अल्कोहोलचा वास हलका, गोडसर, फुलासारखा असेल तर चालेल. नेलपॉलिश रिमूव्हर आठवलं तर चालणार नाही.

डोळ्यांचं काम थोडं

रंग सोनेरी ते फिकट तांबूस. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या पद्धतीची बिअर बऱ्यापैकी नितळ असते. ड्राय हॉपिंगमुळे आलेला हलका धूसरपणा दोष धरत नाहीत. फेस पांढरा, बारीक आणि टिकाऊ हवा, घोटागणिक काचेवर जाळी सोडणारा. अल्कोहोल फेस मोडतं आणि हॉप्सची कडू द्रव्यं तो बांधतात, म्हणून या बिअरच्या फेसावरूनसुद्धा दोघांतलं कोण वरचढ ते थोडंफार कळतं. ओट्स आणि गहू घालून केलेली दुधाळ, गढूळ ‘हेझी’ डबल आयपीए ही वेगळी जात आहे. तिच्यात कडूपण कमी, मऊपण जास्त. तिला या मापाने मोजू नका. फक्त तिचा पिवळा रंग करडा किंवा मळकट जांभळट झालेला दिसला तर आत हवा शिरली आहे हे चाखण्याआधीच समजा.

घोट, आणि घोटानंतरचा अर्धा मिनिट

15-20 मिलिलिटरचा घोट घ्या, तीन-चार सेकंद तोंडभर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. वाइन चाखणारे थुंकतात. बिअर गिळायचीच, कारण गिळल्यानंतर घशाकडून नाकात चढणारा वास आणि मागे रेंगाळणारं कडूपण यांतच अर्धा निकाल दडलेला असतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू हा शाळेतला नकाशा विसरा. प्रत्येक चव जिभेवर सगळीकडेच कळते.

आता 30 सेकंद पुढचा घोट घेऊ नका. कडूपण कसं चढतं आणि कसं उतरतं हे बघा. चांगलं कडूपण झपकन चढतं, ठाम राहतं आणि स्वच्छ उतरतं, चांगल्या परतलेल्या कारल्यासारखं; त्यानंतर तोंडाला पाणी सुटतं. वाईट कडूपण जिभेला चिकटून बसतं, औषधाची गोळी तोंडात विरघळल्यासारखं. इथे मराठीचा फायदा होतो, कारण कडू आणि तुरट हे दोन शब्द आपण लहानपणापासून वेगळे वापरतो. कारलं कडू, कच्चं केळं, सुपारी, हिरडा तुरट. कडूपण ही चव आहे, तुरटपणा हा स्पर्श आहे: गाल आत ओढले जातात, दातांवरून जीभ घसरत नाही. डबल आयपीएत कडूपण हवं, तुरटपणा जेमतेम. तो जास्त झाला तर कारणं बहुधा दोन: धान्य धुताना पाणी फार गरम किंवा फार अल्कधर्मी होतं, नाहीतर ड्राय हॉपिंगचे हॉप्स फार दिवस आत राहिले. याचाच भाऊ म्हणजे घशात खरखर आणि जळजळ. खूप हॉप्स घातलेल्या अगदी ताज्या बिअरमध्ये पाल्याचे सूक्ष्म कण तरंगत असतात, त्यांचा हा प्रताप. डबा फ्रिजमध्ये दोन आठवडे उभा ठेवला की बहुतेक वेळा ते कण खाली बसतात. तेव्हा कालच भरलेली बिअर सर्वांत चांगली असतेच असं नाही.

मग गोडीकडे या. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, मोजणारे म्हणतील, आंबवण्याच्या सुरुवातीला 1.072 आणि शेवटी 1.011, या दोन आकड्यांतला फरक 131 ने गुणला की 8 टक्के अल्कोहोल. शेवटचा आकडा 1.018 च्या वर राहिला तर बिअर जड होते, दुसऱ्या ग्लासाची इच्छा मरते. म्हणून ब्रुअर एकूण साखरेच्या पाच-दहा टक्के भाग साध्या डेक्स्ट्रोजमधून देतात. यीस्ट तो पूर्ण खाऊन टाकतं, मागे काही उरत नाही आणि अंग हलकं राहतं. वाचून आश्चर्य वाटेल की साखर घालून बिअर कमी गोड होते, पण होतं तसंच. कोरडेपणात पाण्याचाही वाटा आहे. जिप्समसारख्या सल्फेट क्षारांनी कडूपण धारदार आणि शेवट कोरडा होतो, क्लोराइडने माल्ट गोल आणि मऊ वाटतो.

अल्कोहोल छातीत ऊब म्हणून जाणवलं तर ठीक. घशात चटका बसला तर आंबवताना तापमान हाताबाहेर गेलं होतं: एल यीस्ट 18-20 अंशांत ठेवायचं सोडून 25 च्या पुढे गेलं की जड, उग्र अल्कोहोलं तयार होतात आणि ती नंतर काढता येत नाहीत.

शेवटची चाचणी तिसऱ्या-चौथ्या घोटाला. कडूपण जिभेवर साचत जातं, म्हणून पहिल्या घोटावर दिलेलं मत कच्चं. चौथ्या घोटालाही फळ, माल्ट आणि कडूपण वेगवेगळं ओळखू येत असेल तर बिअर नीट बांधलेली आहे. चाखताना तिखट खाऊ नका. तिखटाची आग कडूपणाने आणि अल्कोहोलने भडकते. तांबड्या रश्श्याशी या बिअरची जोडी लावण्याचा मोह टाळलेला बरा.

बिघाड ओळखा, कारण शोधा

सर्वांत मोठा शत्रू हवा. डबा भरताना आत राहिलेला थोडासा ऑक्सिजन आधी हॉप्सचा सुगंध खातो, मग चव चपटी करतो, मग ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या मधाचा वास आणतो. हे सगळं उष्णतेत भराभर होतं. गंमत अशी की कडूपण त्या मानाने टिकून राहतं. म्हणून जुनी डबल आयपीए नुसती कडू आणि गोड लागते, मधला फळांचा थर नाहीसा झालेला असतो. अनेकांचं ‘आयपीए म्हणजे नुसती कडू’ हे मत अशाच एखाद्या थकलेल्या डब्यावरून झालेलं असतं.

दुसरा प्रकाश. हॉप्सची कडू द्रव्यं प्रकाशात फुटून एक गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. अमेरिकेत त्या वासाला स्कंक या दुर्गंधी प्राण्याचं नाव आहे. आपल्या नाकाला तो करपलेल्या रबराजवळचा वाटेल. तपकिरी बाटली बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पारदर्शक जवळपास नाही. गच्चीवरच्या ब्रुपबमध्ये (स्वतःची बिअर बनवून विकणाऱ्या पबमध्ये) भर दुपारी उन्हात ठेवलेल्या ग्लासात तो काही मिनिटांत येऊ शकतो. ग्लास सावलीत घ्या, आणि दोष ब्रुअरच्या माथी मारू नका.

तिसरा बिघाड खास हॉप्सवाल्या बिअरचा, आणि त्याचं कारण फार विलक्षण आहे. ड्राय हॉपिंगच्या हॉप्सबरोबर काही एन्झाइम बिअरमध्ये जातात. यीस्टला न पचलेल्या मोठ्या साखरा ते तोडून लहान करतात, झोपी गेलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि या दुसऱ्या फेरीत डायॲसिटिल नावाचं द्रव्य बनतं. यीस्टला आणखी काही दिवस उबेत ठेवलं तर तेच ते परत शोषून घेतं. घाई करून बिअर थंड केली आणि डब्यात भरली, तर पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा तसाच राहतो. शिवाय डब्यात वायू वाढतो आणि उघडताच बिअर उसळून येते. शंका असेल तर ग्लास तळव्यांत धरून कोमट करा. लोणी असेल तर लपणार नाही.

बाकीचे भराभर. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास म्हणजे हॉप्सच नीट साठवलेले नव्हते. कांदा-लसूण म्हणजे बहुधा हॉप्स उशिरा तोडलेले. हिरवं सफरचंद म्हणजे आंबवणं अपुरं. उकडलेला मका म्हणजे उकळी मंद किंवा थोडा वेळच होती. दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा वास म्हणजे पाण्यातलं क्लोरीन काढलं नव्हतं.

गुण देताना

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची 50 गुणांची पत्रिका घरीही वापरता येते: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला स्पर्श 5, एकंदर ठसा 10. रूपाला फक्त तीन गुण आहेत हे नवशिक्यांनी मुद्दाम बघावं. समजा पाच महिन्यांचा, उबेत राहिलेला एक डबा आहे. पपनस पुसट, मध पुढे: वासाला 6. रंग-फेस ठीक: 3. कडूपण स्वच्छ पण मधलं फळ गायब: 11. अंग हलकं, ऊब सौम्य: 4. एकंदर 5. बेरीज 29, म्हणजे ‘चांगली’ या टप्प्याच्या वरच्या टोकाला. हीच बिअर ताजी असती तर चाळिशीत गेली असती, आणि ते सुद्धा पत्रिकेवर लिहावं, कारण कृती चांगली आणि साठवण वाईट हा निष्कर्ष ब्रुअरला 29 या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नाक तयार करायचं असेल तर एकाच तारखेचे दोन डबे घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवा, दुसरा कपाटात दोन आठवडे. मग दोन्ही रात्रभर सारखे थंड करा आणि दुसऱ्या कुणाला तरी तीन सारख्या ग्लासांत ओतायला सांगा: दोन ग्लासांत एक, तिसऱ्यात दुसरी, कुठल्यात कोणती ते तुम्हाला न सांगता. वेगळा ग्लास नुसत्या वासावरून निवडा, मग घोट घेऊन पुन्हा निवडा. डोळे मिटून अंदाज केला तरी तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून क्रम बदलून हे निदान चार वेळा करा, दर वेळी 30-40 मिलिलिटरच ओतून. चारही वेळा बरोबर आलात तर उष्णतेने काय हिरावून नेलं, ते तुमच्या नाकाने पकडलं आहे.